बत्तीस बाय बत्तीस चौकोनांत: पिक्सेल एडिटरने आयकॉन आणि कर्सर काढण्याची पहिली ओळख

संगणकाच्या पडद्यावरचा आयकॉन काय किंवा माउसबरोबर फिरणारा बाण काय, दोन्ही मुळात पिक्सेल नावाच्या चौकोनांची छोटीशी जाळी असते आणि त्या जाळीतला प्रत्येक चौकोन कोणत्या रंगाचा असावा किंवा रिकामा असावा, एवढेच ठरवायचे असते. त्यासाठी चित्रकलेचा हात असावाच लागतो असे नाही. मात्र चौकोन मोजण्याचा कंटाळा असून चालत नाही. या लेखात घरखर्चाच्या फाइलसाठी लाल हिशेबाच्या वहीचा एक आयकॉन आणि नेहमीच्या बाणाचा एक कर्सर अशा दोन वस्तू पहिल्या चौकोनापासून शेवटपर्यंत तयार करू. लेख विंडोज वापरणाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे, कारण तिथे या दोन्ही वस्तू कोणतीही खटपट न करता लगेच वापरात आणता येतात.

साधन कोणते घ्यावे

फोटो दुरुस्त करण्याचे मोठे सॉफ्टवेअर या कामाला चालते, पण नवख्या माणसाला त्यातली शंभर साधने अडचणच करतात. ग्रीनफिश आयकॉन एडिटर प्रो हा मोफत आणि मुक्त स्रोत असलेला एडिटर आकाराने लहान आहे, आयकॉन आणि कर्सर या दोन्ही प्रकारच्या फाइल थेट उघडतो व जतन करतो आणि हॉटस्पॉट, म्हणजे कर्सरमधला क्लिक पडणारा नेमका चौकोन, ठरवण्याचे साधनही त्यात आहे, म्हणून सुरुवातीला तोच घ्यावा असे माझे मत आहे. ब्राउझरमध्ये चालणारा पिस्केल हा एडिटर चित्र काढायला सुखाचा आहे. मात्र त्यातून पीएनजी चित्र मिळते, आयकॉनची फाइल मिळत नाही, त्यामुळे शेवटची पायरी दुसरीकडे करावी लागते. गिंप हा चित्रांचा एडिटर ज्यांच्या हातात आधीच बसलेला आहे, त्यांनी तो बदलण्याचे कारण नाही.

साधन कोणतेही घेतले तरी पहिले दोन दिवस लागतात त्या गोष्टी पाचच: पेन्सिल, खोडरबर, रंग ओतणारी बादली, चित्रातला रंग उचलणारा ड्रॉपर आणि केलेले मागे घेणारी कंट्रोल-झेड ही जोडकळ. पेन्सिल आणि ब्रश यांत गल्लत करू नये. पेन्सिल जिथे टेकवली तो चौकोन पूर्ण रंगवते, तर ब्रश कडेच्या चौकोनांवर अर्धवट पारदर्शक रंग सांडतो. मोठ्या चित्रात ती कडा मऊ दिसते, पण बत्तीस चौकोनांच्या चित्रात तिचा नुसता धुरळा होतो.

आधी कागदावर

१९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशचे आयकॉन काढणाऱ्या सुझन केअर यांनी सुरुवातीची चित्रे ग्राफपेपरच्या वहीत, ३२ बाय ३२ चौकोनांत, एकेक चौकोन भरून काढली होती. त्या वेळी त्यांच्या हाताशी तयार आयकॉन एडिटर नव्हता म्हणून तसे झाले. तरी ती पद्धत आजही सोयीची आहे. आपल्याकडे प्राथमिक शाळेतल्या मुलांची गणितासाठी मिळणारी चौकटीची वही यासाठी उत्तम. आलेख कागद असेल तर एका पिक्सेलसाठी दोन बाय दोन मिलिमीटरचे घर धरावे, म्हणजे ३२ चौकोनांचे चित्र साडेसहा सेंटिमीटरच्या आतच बसते आणि डोळ्यांना ताण पडत नाही. कागदावर रंगांचा विचार करू नये. भरलेले घर आणि रिकामे घर एवढेच ठरवावे. जी आकृती नुसत्या काळ्या सावलीत ओळखू येत नाही, ती रंग दिल्यावर ओळखू येईल ही आशा सहसा फोल ठरते.

आपल्या वहीची सावली साधी आहे: उभा आयत, डावीकडे पुठ्ठ्याची पट्टी, तळाशी पानांची कड. एवढ्यावर ती वही आहे हे कळते, पण हिशेबाची आहे हे कळत नाही. त्यासाठी वर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर रुपयाचे चिन्ह घ्यावे लागेल. २०१० साली सरकारने स्वीकारलेले हे चिन्ह आपल्या कामाला फार सोयीचे आहे, कारण त्यात दोन आडव्या रेघा, एक छोटा बाक आणि एक तिरकी रेघ एवढाच ऐवज असतो.

नवे पान आणि दोन खिडक्या

एडिटरमध्ये नवे चित्र उघडून रुंदी ३२ आणि उंची ३२ द्यावी, रंगांची खोली ३२ बिट निवडावी आणि पार्श्वभूमी पारदर्शक ठेवावी. पारदर्शक भाग राखाडी-पांढऱ्या चौकड्यांनी दाखवला जातो. त्या चौकड्या चित्रात उमटत नाहीत. ३२ बिट म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तिघांना प्रत्येकी ८ आणि पारदर्शकतेला ८ बिट. विंडोजमध्ये अशा आयकॉनची सोय एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून आहे, त्यामुळे त्याहून जुन्या मर्यादांची चिंता आज करण्याची गरज नाही.

आता झूम १६०० टक्क्यांवर न्यावा. तिथे चित्रातला एक चौकोन पडद्यावरच्या १६ बाय १६ पिक्सेलएवढा दिसतो आणि आपले सगळे चित्र ५१२ पिक्सेलच्या चौकटीत मावते. जाळीच्या रेघा दाखवण्याचा पर्याय सुरू करावा. त्याच वेळी हेच चित्र खऱ्या आकारात दाखवणारी दुसरी खिडकी किंवा पूर्वदृश्य डोळ्यांसमोर राहील अशी व्यवस्था करावी. मोठ्या झूममध्ये जे सुबक वाटते ते खऱ्या आकारात चिखलासारखे दिसू शकते आणि जे मोठ्यात ओबडधोबड वाटते तेच खऱ्या आकारात नेमके बसते. म्हणून हात मोठ्या खिडकीत आणि नजर छोट्या खिडकीत, असे काम करण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

माउस जिथे असेल त्या चौकोनाचा क्रमांक बहुतेक एडिटर खालच्या पट्टीत दाखवतात. हे क्रमांक शून्यापासून सुरू होतात: डावीकडचा पहिला स्तंभ ०, शेवटचा ३१, वरची पहिली ओळ ०, तळाची ३१. यापुढे लेखात सगळीकडे हीच मोजणी आहे.

वहीचा सांगाडा

बाह्यरेषेसाठी गडद तपकिरी-लाल रंग घ्यावा: लाल ८०, हिरवा १२, निळा २४. निव्वळ काळी बाह्यरेषा लहान चित्रात फार बोजड दिसते, म्हणून आतल्या रंगाचीच गडद छटा बाहेर वापरणे बरे. या रंगाने स्तंभ ५ ते २६ आणि ओळ २ ते २९ असा पोकळ आयत काढावा. वही २२ चौकोन रुंद आणि २८ चौकोन उंच झाली. चारही बाजूंनी थोडी मोकळी जागा राहते ती तशीच असू द्यावी. जाळीच्या कडेला चिकटलेले चित्र शेजारच्या आयकॉनवर रेलल्यासारखे दिसते.

बादली घेऊन आतला भाग लाल रंगाने भरावा: लाल १७६, हिरवा ३०, निळा ४०. बाह्यरेषेत एखादा चौकोन राहून गेला असेल तर रंग बाहेर पसरून सगळे पान लाल होते. तसे झाले तर कंट्रोल-झेड करून भोक बुजवावे. रंग भरून झाल्यावरच उजवीकडचे दोन कोपरे, म्हणजे स्तंभ २६ आणि ओळ २ वरचा आणि स्तंभ २६ आणि ओळ २९ वरचा चौकोन, खोडावेत. कोपऱ्यातला एकेक चौकोन गेला की पुठ्ठा किंचित गोल झाल्याचा भास होतो. हे आधी केले तर काही एडिटरांची बादली त्या तिरक्या फटीतून बाहेर गळते.

स्तंभ ६ ते ८, ओळ ३ ते २५ हा पट्टा पुठ्ठ्याच्या बांधणीसाठी गडद लाल करावा: १३०, २०, ३४. तळाशी ओळ २६ ते २८ या तीन ओळी पानांसाठी फिकट साईच्या रंगाने, २५०, २४०, २१० असा, भराव्यात आणि मधल्या २७ व्या ओळीत त्याचीच मळकट छटा द्यावी, म्हणजे पाने एकावर एक रचल्यासारखी दिसतात. तीन ओळींत शंभर पाने दाखवायची तर ती अशीच.

उजेड डावीकडून वरून येतो असे धरण्याची विंडोजमध्ये जुनी रीत आहे. विंडोज ९५ ची बटणेही तशीच उजळलेली असत. ती पाळली की आपला आयकॉन इतरांत उपरा वाटत नाही. म्हणून ओळ ३ वर स्तंभ ९ ते २४ या भागात थोडा उजळ लाल आणि स्तंभ २५ वर ओळ ३ ते २५ या भागात थोडा गडद लाल द्यावा. याहून जास्त छटा देऊ नयेत. एवढ्याशा चित्रात सहा ते आठ रंग पुरेसे होतात. त्याहून जास्त रंग घेतले की प्रत्येक रंगाच्या वाट्याला इतके थोडे चौकोन येतात की तो रंग आहे हे कळतही नाही.

चिठ्ठी, रुपया आणि देवनागरी अक्षरे

पुठ्ठ्याचा मोकळा भाग आता स्तंभ ९ ते २५, म्हणजे १७ चौकोन रुंद आहे. त्यात स्तंभ १२ ते २२ आणि ओळ ६ ते १८ अशी फिकट रंगाची चिठ्ठी भरावी. ती ११ चौकोन रुंद झाली आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन चौकोन उरले. चिठ्ठीच्या खाली ओळ १९ वर स्तंभ १३ ते २३ आणि उजवीकडे स्तंभ २३ वर ओळ ७ ते १८ अशी गडद लाल सावली दिली की ती पुठ्ठ्यावर चिकटवलेली वाटते.

चिठ्ठीच्या बरोबर मध्ये, स्तंभ १४ ते २० आणि ओळ ८ ते १६ या जागेत, बाह्यरेषेच्याच गडद रंगाने रुपयाचे चिन्ह काढावे. ते सात चौकोन रुंद आणि नऊ उंच असे बसते. भरलेले चौकोन काळे आणि रिकामे गोल दाखवले आहेत:

■■■■■■■
○○○○■○○
■■■■■■■
○○○○■○○
■■■■○○○
○■○○○○○
○○■○○○○
○○○■○○○
○○○○■○○

रुंदी सात घेतली हे मुद्दाम. चिठ्ठी ११ म्हणजे विषम रुंदीची आहे. तिच्यात विषम रुंदीचे चिन्हच मधोमध येते. सम रुंदीचे चिन्ह विषम जागेत कायम एका बाजूला अर्धा चौकोन सरकलेले राहते आणि पिक्सेल अर्धा करता येत नाही. पुष्कळदा आयकॉन कशामुळे तिरका दिसतो ते सापडत नाही, तेव्हा कारण एवढेच असते.

चिन्हाची खालची तिरकी रेघ दर ओळीला एकेक चौकोन उजवीकडे जाते. तिरक्या रेषांचा नियम असा की पायऱ्या सारख्या असाव्यात: एक-एक-एक किंवा दोन-दोन-दोन. एक, दोन, एक, तीन अशी रेघ मोडल्यासारखी दिसते. बाकांत पायऱ्या क्रमाने लहान होत जाऊन पुन्हा क्रमाने वाढाव्यात: चार, दोन, एक, एक, दोन, चार. वळणाच्या कोपऱ्यात दोन चौकोन काटकोनात चिकटलेले दिसले तर त्यातला आतला एक खोडून पाहावा. रेघ लगेच सडपातळ होते.

अशा वहीवर आपल्याकडे पहिल्यांदा ‘श्री’ लिहिण्याची रीत आहे, तेव्हा रुपयाऐवजी तेच का लिहू नये, असे कोणाच्याही मनात येईल. पण श, त्याला जोडलेला र आणि दीर्घ वेलांटी हे सगळे वाचता येईल असे काढायचे तर १४-१५ चौकोनांची रुंदी आणि जवळपास तेवढीच उंची लागते, आणि आपली चिठ्ठी ११ चौकोनांचीच आहे. देवनागरीत वरची एक ओळ शिरोरेषेत जाते, वेलांट्या आणि मात्रांना तिच्या वर आणखी दोन-तीन ओळी लागतात आणि उकारांना खाली तेवढ्याच. म्हणून लहान आयकॉनवर अक्षर हवेच असेल तर बिनकानामात्रेचे एकच अक्षर निवडावे. त्यातही म आणि भ, घ आणि ध अशा जोड्यांत सावध राहावे, कारण त्यांचा मुख्य फरक शिरोरेषेतल्या तुटकेपणात असतो. भ किंवा ध काढताना शिरोरेषेतली फट किमान दोन चौकोनांची हवी. एका चौकोनाची फट खऱ्या आकारात बुजलेली दिसते आणि ‘ध’ म्हणून काढलेले अक्षर लोक ‘घ’ वाचतात. म च्या डावीकडची गाठ १६ चौकोनांच्या आयकॉनमध्ये भरीवच ठेवावी. आतले भोक दाखवण्याच्या नादात गाठ एवढी फुगते की अक्षराचा तोल जातो. फाँट वापरून अक्षर टंकण्याचा मोह टाळावा: फाँटमधून आलेल्या अक्षराच्या कडा अर्धवट रंगांच्या असतात आणि त्या साफ करण्यात अक्षर हाताने काढण्याहून अधिक वेळ जातो.

सोळा चौकोनांचा आयकॉन: पुन्हा काढावा, लहान करू नये

विंडोज एकच आयकॉन निरनिराळ्या जागी निरनिराळ्या आकारांत दाखवते: खिडकीच्या शीर्षकपट्टीत आणि फाइलींच्या साध्या यादीत १६, डेस्कटॉपवर सहसा ४८, मोठ्या चित्रांच्या मांडणीत २५६. पडद्याचे स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचे सगळे मोठे करून दाखवण्याचे प्रमाण, १२५ टक्के असेल तर १६ च्या जागी २०, १५० टक्के असेल तर २४ लागतात. हवा तो आकार फाइलमध्ये नसेल तर विंडोज दुसऱ्या आकारावरून तो तयार करते आणि आपण एकेक चौकोन मोजून काढलेल्या रेघा तिथे एकमेकींत मिसळतात. आयकॉन बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण माझ्या पाहण्यात हेच आहे.

म्हणून १६ बाय १६ चे नवे पान उघडून वही पुन्हा काढावी. मोठ्या चित्राचे माप निम्मे करण्याचा पर्याय दिसला तरी तो वापरू नये. रुपयाचे चिन्ह साडेतीन चौकोन रुंद होऊ शकत नाही. इथे काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे हेच खरे काम. मी चिठ्ठी सोडून देईन. वहीची बाह्यरेषा स्तंभ २ ते १३ आणि ओळ १ ते १४. बांधणीची पट्टी तीनऐवजी एकाच स्तंभाची, स्तंभ ३ वर. पाने एकाच ओळीची, ओळ १३ वर. राहिलेला पुठ्ठा स्तंभ ४ ते १२, म्हणजे नऊ चौकोन रुंद, आणि ओळ २ ते १२, म्हणजे अकरा उंच. त्यावर तेच सात बाय नऊचे चिन्ह, एकही चौकोन न बदलता, पण आता साईच्या रंगात, स्तंभ ५ ते ११ आणि ओळ ३ ते ११ मध्ये ठेवावे. चारही बाजूंना बरोबर एकेक चौकोन लाल उरतो. वही आकाराने निम्मी झाली आणि चिन्ह तेवढेच राहिले, म्हणजे वहीच्या मानाने ते दुप्पट झाले. तरी पाहणाऱ्याला दोन्ही आयकॉन एकाच वस्तूचे वाटतात, कारण ओळख लाल रंगात आणि त्या चिन्हात आहे.

४८ साठी चिन्ह दुप्पट करून १४ बाय १८ घ्यावे आणि तिरक्या रेघेतल्या ठळक पायऱ्या हाताने मोडाव्यात. २५६ साठी पिक्सेल एडिटर हे योग्य साधन राहत नाही. तिथे एक पळवाट आहे: ३२ ला ८ ने गुणले की नेमके २५६ होतात, म्हणून ३२ चे चित्र आठपट करावे आणि ते करताना मऊ न करणारी, ‘निअरेस्ट नेबर’ नावाची पद्धत निवडावी. चित्र मोठमोठ्या चौकोनांचे दिसते, पण स्वच्छ दिसते.

जतन करताना

कामाची प्रत एडिटरच्या स्वतःच्या प्रकारात (ग्रीनफिशमध्ये जीएफआयई) ठेवावी, म्हणजे लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, शाबूत राहतात. जेपीईजी कधीही वापरू नये: त्यात पारदर्शकता नसते आणि ती पद्धत चित्राचे आठ बाय आठचे तुकडे करून बारकावे पुसते, आणि आपले रुपयाचे सगळे चिन्ह जवळजवळ एका तुकड्याएवढेच असते.

वापरायची प्रत आयसीओ प्रकारात जतन करावी. या फाइलमध्ये अनेक आकार एकत्र राहतात. ग्रीनफिशमध्ये प्रत्येक आकार हे त्या दस्तऐवजाचे वेगळे पान असते, म्हणून १६, ३२, ४८ आणि २५६ ही चार पाने एकाच दस्तऐवजात आणून मग जतन करावे. पीएनजी फाइलचे शेपूट बदलून आयसीओ लिहिल्याने तिचा आयकॉन होत नाही, हे इथेच सांगून ठेवतो, कारण हा उद्योग पुष्कळजण करतात. आयसीओ फाइलच्या सुरुवातीला तीत किती चित्रे आहेत आणि प्रत्येकाचे माप काय याची यादी असते. गंमत म्हणजे त्या यादीत रुंदीसाठी एकच बाइट राखलेला आहे, एका बाइटमध्ये २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही, म्हणून २५६ रुंदी तिथे शून्य म्हणून लिहिली जाते.

आयकॉन लावण्यासाठी शॉर्टकटवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज, शॉर्टकट, चेंज आयकॉन या वाटेने जावे. फोल्डरसाठी प्रॉपर्टीजमध्ये कस्टमाइझ हा भाग असतो. दुरुस्त केलेला आयकॉन लावूनही जुनाच दिसत राहिला तर फाइल बिघडली असे समजू नये. विंडोज आयकॉनांची प्रत साठवून ठेवते. फाइल नव्या नावाने जतन करून तीच पुन्हा निवडली की प्रश्न मिटतो.

आता कर्सर

कर्सरचे चित्र आयकॉनपेक्षा सोपे, पण त्याच्या दोन अटी कडक आहेत. एक म्हणजे तो पांढऱ्या पानावर, काळ्या पडद्यावर आणि रंगीबेरंगी फोटोवर सारखाच दिसला पाहिजे. दुसरी म्हणजे क्लिक नेमके कुठे पडते हे चित्र पाहून कळले पाहिजे.

पहिल्या अटीसाठी पांढरा बाण आणि त्याला काळी कड हा जुना उपाय अजून कोणी सुधारू शकलेले नाही. ३२ बाय ३२ चे पारदर्शक पान घेऊन अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून पुढील बाण काढावा. काळा चौकोन म्हणजे काळा, पोकळ चौकोन म्हणजे पांढरा, गोल म्हणजे पारदर्शक:

■
■■
■□■
■□□■
■□□□■
■□□□□■
■□□□□□■
■□□□□□□■
■□□□□□□□■
■□□□□□□□□■
■□□□□□■■■■■
■□□■□□■
■□■○■□□■
■■○○■□□■
■○○○○■□□■
○○○○○■□□■
○○○○○○■■

डावी कड सरळ उभी आणि उजवी कड नेमकी ४५ अंशांत, म्हणजे दर ओळीला एक चौकोन. माउसचा बाण सुरुवातीच्या काळात सरळ वर टोक केलेला होता. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातल्या यंत्रांवर तो तिरका झाला, कारण तेव्हाच्या ढोबळ पडद्यांवर उभी रेघ आणि ४५ अंशांची रेघ स्वच्छ काढता येत असे. आपल्या ३२ चौकोनांच्या पानालाही तोच हिशेब लागू आहे. बाणाचा रंग बदलायचा असेल तर आतला पांढरा बदलावा, काळी कड सोडू नये. गडद निळा बाण आवडला म्हणून काढला तर त्याला बाहेरून आणखी एक पांढरी कड द्यावी. त्या वेळी बाणाचे टोक एक चौकोन आत सरकते, हे लक्षात ठेवावे, कारण पुढच्या पायरीशी त्याचा संबंध आहे.

हॉटस्पॉट

माउसची क्लिक ३२ बाय ३२ च्या सगळ्या चित्रावर पडत नाही. ती एकाच चौकोनावर पडते आणि त्या चौकोनाला हॉटस्पॉट म्हणतात. वरच्या बाणासाठी तो स्तंभ ०, ओळ ० हा. पांढरी कड जोडून टोक आत सरकले असेल तर १, १. एडिटरमधले हॉटस्पॉटचे साधन घेऊन टोकाच्या चौकोनावर क्लिक केले की काम होते. हे विसरले आणि बाण मात्र पानाच्या मध्यावर काढलेला असला, तर क्लिक बाणाच्या टोकापासून दहा-पंधरा चौकोन दूर, रिकाम्या जागेत पडते. बटण दाबले जात नाही, शेजारचेच काहीतरी उघडते आणि वापरणाऱ्याला वाटते की माउस बिघडला.

बोट दाखवणाऱ्या हातासाठी हॉटस्पॉट तर्जनीच्या टोकाच्या मधल्या चौकोनावर द्यावा. अधिक चिन्हासारख्या कर्सरला तो मध्यावर हवा, आणि इथे पुन्हा सम-विषमाचा प्रश्न येतो: ३२ चौकोनांना मधला चौकोनच नसतो. म्हणून रेघा ३१ चौकोनांच्या काढाव्यात, शेवटचा स्तंभ आणि शेवटची ओळ रिकामी सोडावी आणि हॉटस्पॉट १५, १५ वर ठेवावा.

जतन करताना प्रकार सीयूआर निवडावा. आयसीओ आणि सीयूआर यांची रचना जवळजवळ एकच आहे. सुरुवातीच्या एका आकड्यात फरक असतो, आयकॉनला १ आणि कर्सरला २. आणि आयकॉनमध्ये ज्या बाइटांत रंगांची माहिती असते त्याच जागी कर्सरमध्ये हॉटस्पॉटचे स्तंभ आणि ओळ लिहिलेले असतात. आयकॉनच्या फाइलचे नाव बदलून कर्सर करू नये तो याचसाठी. कर्सरच्या फाइलमध्येही अनेक आकार राहू शकतात, आणि मोठे स्केलिंग असलेल्या पडद्यासाठी ३२ बरोबर ४८ आणि ६४ द्यावेत. मात्र हॉटस्पॉट प्रत्येक आकाराचा वेगळा नोंदवला जातो. ३२ मध्ये १५, १५ असलेला मध्य ६४ मध्ये ३१, ३१ च्या आसपास येतो. तिथे तो ठरवायचा राहिला तर त्याच संगणकाला दुसरा पडदा जोडल्यावर क्लिक चुकू लागते आणि कारण काही केल्या सापडत नाही.

लावणे आणि तपासणे

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, माउस, अ‍ॅडिशनल माउस सेटिंग्ज या वाटेने गेल्यावर पॉइंटर्स नावाचा भाग येतो. तिथे नेहमीचा बाण, प्रतीक्षेचे चिन्ह, मजकुराची उभी रेघ, दुव्यावरचा हात अशा भूमिकांची यादी असते. भूमिका निवडून ब्राउझ बटणाने आपली फाइल द्यावी आणि सगळा संच सेव्ह अ‍ॅजने एखाद्या नावाने ठेवावा, म्हणजे मूळ संचावर परत जाणे सोपे राहते. बाणाखाली सावली दाखवण्याचा पर्याय तिथेच आहे, त्यामुळे चित्रात स्वतः सावली काढू नये. दोन सावल्या पडतात. फाइल डाउनलोड्समध्ये न ठेवता कायमच्या जागी ठेवावी. विंडोज फाइलचा पत्ता लक्षात ठेवते, आणि साफसफाईत ती फाइल गेली की पुढच्या वेळी जुना बाण परत येतो.

तपासणीसाठी पांढरे पान, पूर्ण काळा पडदा आणि एखादा गजबजलेला फोटो या तिन्हींवरून बाण फिरवावा. मग खिडकी बंद करण्याच्या फुलीवर, आणि त्याहून बारीक म्हणजे खिडकीची कड धरून ओढण्याच्या जागेवर तो वापरून पाहावा. तिथे दोन-तीनदा नेम चुकला तर हॉटस्पॉट पुन्हा मोजावा. आपल्याच वेबसाइटवर असा कर्सर द्यायचा असेल तर तो १२८ पिक्सेलपेक्षा मोठा करू नये, कारण क्रोम आणि फायरफॉक्स त्याहून मोठा कर्सर दाखवत नाहीत. आणि तो दिसला नाही तर नेहमीचा बाण दिसावा म्हणून वेबपानाच्या कोडमध्ये त्याच्या मागे नेहमीच्या बाणाचा पर्याय लिहून ठेवावा.

हालणारा कर्सर करायचा झाल्यास अशीच अनेक चित्रे क्रमाने एएनआय प्रकारच्या फाइलमध्ये ठेवतात. त्यात प्रत्येक चित्र किती वेळ दाखवायचे हे सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजले जाते: ६ लिहिले तर चित्र सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे थांबते, आणि तशी आठ चित्रे असली तर एक फेरी पाऊण सेकंदाहून किंचित जास्त चालते. प्रतीक्षेच्या चिन्हाला हा वेग बरा दिसतो. नेहमीच्या बाणाला मात्र हालचाल देऊ नये, वाचणाऱ्याचे लक्ष सतत तिकडे ओढले जाते. आठही चित्रांत हॉटस्पॉट एकाच चौकोनावर ठेवावा, नाहीतर माउस स्थिर असतानाही बाण जागच्या जागी थरथरतो.